फडक्याखालचा भाव

दसऱ्यापर्यंत आम्हाला जेवायला सवड नसते. दसरा झाला की दिवाळीच्या आधीचे काही दिवस मात्र एकदम शांत जातात. माणसं कपड्यांच्या आणि फराळाच्या मागे लागतात, जुनी गाडी घ्यायचं तेव्हा कुणाच्या डोक्यात नसतं. अशा रिकाम्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी हे लिहिते आहे. लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण हाताला येईल ते वाचायची सवय राहिली. किराणा बांधून आलेला कागद वाचते, आणि विकायला आलेल्या गाड्यांच्या सीटखाली सापडलेले दिवाळी अंकही वाचते. त्या अंकांत कुणी डॉक्टर, कुणी पोस्टातले, कुणी एसटीतले आपापल्या कामाचं लिहितात. जुन्या गाडीची किंमत काढणाऱ्या बाईनं लिहिलेलं मात्र कधी दिसलं नाही. म्हटलं, आपणच लिहून ठेवावं. कुणाला दाखवीन असं नाही.

आमचा कार बाजार कराड-विटा रस्त्याला आहे. नाव मोठं, पण रस्त्याकडेची मोकळी जागा, भोवती तारेचं कुंपण, एक कडुनिंब, ही शेड आणि उन्हात उभ्या पंधरा-वीस गाड्या, एवढंच. त्यातली एकही गाडी आमची नसते. मालक गाडी आणून लावतो, आम्ही किंमत सांगतो, त्याला पटली तर गिऱ्हाईक बघतो आणि ठरलेली दलाली घेतो. सगळा धंदा त्या एका आकड्यावर उभा. आकडा जास्त सांगितला तर गाडी उभी राहून राहून आणखी म्हातारी होते. कमी सांगितला तर ज्यानं विश्वासानं किल्ली हातात दिली त्याचं नुकसान.

हा आकडा काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण तो तोंडानं मी कधी सांगितला नव्हता. सांगायचे आमचे हे, म्हणजे आमचे घरधनी.

मी पहिल्यापासून लाजाळू. भाजीवाल्याला भाव विचारायचा म्हटलं तरी माझ्या कानाच्या पाळ्या तापायच्या. तो सांगेल ते पैसे द्यायचे आणि मुकाट्यानं पिशवी उचलायची. चार परकी माणसं समोर असली की माझा आवाज गळ्यातच बसतो. ह्यांचं उलटं. रस्त्यापलीकडं पंक्चर काढणारा दिलीप आहे, त्याला बोलवायला ह्यांना कधी फोन लागला नाही. इथून हाक मारली की त्याच्या हातातलं टायर खाली पडायचं.

माझं माहेर म्हसवडकडचं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील मेंढरांच्या बाजारात दलाली करायचे. तिथं भाव मोठ्यानं बोलायची रीत नव्हती. दोघं एकमेकांचा हात धरायचे, वरून उपरणं टाकायचे आणि उपरण्याखाली बोटं बोलायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. पंजा धरून मग तीन बोटं धरली की आठ. बोटाचं नुसतं वरचं पेर दाबलं की अर्धा. भोवती कितीही माणसं उभी असोत, काय ठरलं ते त्या दोघांनाच माहीत. संध्याकाळी आम्ही पोरी वडिलांना टेकून बसलो की ते घोंगड्याखाली आमची बोटं धरायचे आणि विचारायचे, "सांग गं, किती झालं?" शाळा सुटली ती मेंढरांमागं, पण हे शिकणं सुटलं नाही.

सासरीही मेंढरंच होती, म्हणून बोटांची ही भाषा ह्यांनाही येत होती. ह्यांना मात्र गाड्यांचं वेड. आधी वडापाची, म्हणजे वाटेवरचे प्रवासी भरून नेणारी जीप चालवली, मग ती विकताना या धंद्याची चव कळली आणि ही जागा घेतली. सुरुवातीला मी फक्त गाड्या पुसायची. विकायला आलेली गाडी आतून-बाहेरून लख्ख करायची, एवढंच माझं काम. पण पुसणाऱ्याला जे दिसतं ते बघणाऱ्याला दिसत नाही. एकदा एका गाडीच्या पायपुसणीखालचा पत्रा मी बोटानं दाबला तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा लागला. वरून गाडी नवरीसारखी नटलेली. हे मालकाशी बोलत होते आणि आकडा त्यांच्या ओठावर आला होता. हाक मारायची तर मालक समोर. मी तशीच गेले, ह्यांच्या हातावर ओलं फडकं टाकलं आणि त्याच्याखाली बोटं धरली. हे दचकले. मग तोंडावरची माशी हलू न देता माझा आकडा त्यांनी आपला म्हणून सांगून टाकला.

घरी आल्यावर म्हणाले, "आगं, लग्नात बी एवढा घट्ट हात धरला न्हवतास."

तेव्हापासून ती रीतच पडली. दिलीपला कितीतरी दिवस काही उमगलं नव्हतं. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "वैनी लय माया करत्यात मालकावर. गाडी पुसली की मालकाचा हात बी पुसत्यात."

आता गाडीची किंमत कशी निघते ते सांगते. लोकांना वाटतं, गाडी कोणत्या सालची आणि किती किलोमीटर चालली एवढं कळलं की झालं. तिथून तर नुसती सुरुवात होते. मीटर मागं फिरवणारी माणसं असतात. पेडलवरचं रबर मात्र कुणी मागं फिरवू शकत नाही. क्लचचं रबर गुळगुळीत आणि ब्रेकचं शाबूत असेल, तर चालवणारा क्लचवर पाय ठेवून बसणारा. पुढं खर्च येणार. मागच्या सीटची शिवण उकलून बघितली तर आत कुठली माती आहे ते कळतं. आमच्या माण तालुक्यातली माती पांढुरकी आणि पिठासारखी, ती सगळीकडं शिरते. उसाच्या भागातल्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. सीटला आठ-आठ वर्षं कंपनीचं प्लॅस्टिक तसंच ठेवणारे लोक आपल्याकडं पुष्कळ. सीट नवी राहावी म्हणून ठेवतात, आणि खाली घामानं स्प्रिंगा गंजतात. दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकवाची बोटं ओढतात, ती कुणी धुऊन काढतं, कुणी पुढच्या दसऱ्यापर्यंत तशीच ठेवतं. ज्यानं दुसऱ्या दिवशी पुसली त्यानं तेलपाणीही वेळेवर केलेलं असतं, असा माझा अनुभव.

आणि देवाची जागा बघायची. डॅशबोर्डवर देवाची मूर्ती चिकटवलेली असते. गाडी विकताना माणसं देव काढून घेतात. त्याखाली गोल डाग राहतो, मूळच्या रंगाचा. तो डाग आणि भोवतालचा रंग यांत जितका फरक, तितकी गाडी उन्हात राहिली. फरक दिसला नाही तर गाडी सावलीत सांभाळलेली. हे मला कुणी शिकवलं नाही. पुसता पुसता दिसलं.

ह्यांची परीक्षा कानाची. गाडी चालू करायला सांगायचे, डोळे मिटायचे आणि मान एका अंगाला कलती करायचे. मेंढरांत वाढलेला माणूस, कळपातलं कोणतं कोकरू दुखणाईत आहे ते आवाजावरून सांगायचा, तसंच इंजिनाचं. माझा हात आणि ह्यांचा कान यांचा मेळ बसला की आकडा निघायचा. बहुतेक वेळा मी कमी म्हणायची, हे जास्त. फडक्याखाली आमची भांडणंसुद्धा व्हायची. मी सहा म्हटलं की हे सात दाबायचे, मी परत सहा, हे साडेसहा. वर तोंडानं ह्यांचं चालूच, "या पावणं, च्या घ्या."

सांगलीला पूर येऊन गेला त्या वर्षीची एक गाडी आठवते. तिथले एक दुकानदार घेऊन आले होते. गाडी चकचकीत. सीटला नवी कव्हरं, आत अत्तराची बाटली लटकवलेली. ह्यांनी इंजिन ऐकलं, मान हलवली आणि फडक्याखाली चार दाबले. म्हणजे चार लाख. मला ते अत्तर खटकत होतं. मी पुढच्या सीटचा पट्टा बाहेर ओढत गेले. रोज बसताना आपण तो हातभरच ओढतो. शेवटपर्यंत कुणी ओढत नाही, धुणारासुद्धा नाही. पार शेवटाला पट्ट्यावर राखाडी रेघ होती. बोटानं चोळली तर मऊ, मेणासारखी. नदीचा गाळ. मी अडीच दाबले. हे माझ्याकडं बघायला लागले. मी पट्ट्याचं टोक ह्यांच्या हातात दिलं.

ह्यांनी ते बघितलं आणि या एकदाच आवाज खाली आणून विचारलं, "पावणं, गाडी पाण्यात हुती का?"

दुकानदारांनी पट्टा हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "घरात छातीइतकं पाणी होतं. आम्ही माडीवर गेलो. गाडीला कुठली माडी?" पट्टा परत देत म्हणाले, "माझ्या मनात नव्हतं लपवायचं. मेहुणे म्हणाले, बोलू नका."

"मेव्हण्याला गाडी इकायची हाय का तुमाला?"

ते हसले. डोळ्यांत पाणी पण होतं. ह्यांनी सांगितलं, "घेणाऱ्याला मी सांगणार, गाडी बुडाली हुती म्हणून. त्यो सारं उसकटून बघंल, मगच घील. चालत असलं तर ठेवा."

त्यांनी ठेवली. मिरजेच्या एका मिस्त्रीनं नीट बघून, सगळं माहीत असून घेतली. त्या दुकानदारांनी पुढं आपल्या नात्यातल्या कितीजणांना आमच्याकडं पाठवलं. खरे अडीच लाख मिळालेला माणूस खोटे चार लाख मिळालेल्यापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवतो, असं हे म्हणायचे.

आणि वाईचं एक कुटुंब. त्यांची गाडी सरळ होती, तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी ती माणसं. गाडीला निरोप द्यायचा म्हणून घरातले सगळे त्याच गाडीत बसून आले होते. आजोबा, आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. नारळ फोडला, गाडीला ओवाळलं, सून रडली. व्यवहार झाला. कडेगावचं गिऱ्हाईक तयारच होतं, पैसे देऊन ते किल्ली घ्यायला उभं. तेव्हा आजोबांना सुचलं, "आता आपण घरी कसं जायचं?" कुणीच विचार केला नव्हता. इतकी वर्षं कुठंही गेलं तरी परत यायला गाडी होतीच. शेवटी घेणारा म्हणाला, "चला, सोडतो तुमाला. मलाबी गाडीची चाल कळंल." सगळे परत त्याच गाडीत बसले. आजी पुढची काच खाली करून मला म्हणाली, "इकली तरी आपल्याच गाडीतनं चाललो बाई." आमच्या ह्यांना त्यानंतर आठवडाभर मधूनच हसू फुटायचं.

एक खंत आहे ती इथंच सांगते. इतक्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या, पण चालवायला शिकायचं राहून गेलं. हे शिकवायला तयार होते. मीच म्हणायची, लोक बघतील.

आता गेल्या वर्षीचं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि जीभ अडकली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडातून "हां" आणि "बा" याखेरीज काही निघत नव्हतं. ज्या माणसाच्या हाकेला टायर पडायचं, त्याला पाणी मागायला वाटी आपटावी लागायची. पाय व्यायामानं थोडा सुधारला, काठी घेऊन चार पावलं टाकता यायला लागली. पण ह्यांचं मनच बसलं होतं. खुर्ची भिंतीकडं वळवायला लावून बसायचे. बाजाराकडं चला म्हटलं की डोळे मिटून घ्यायचे.

बाजार बंद पडला. लावलेल्या गाड्या मालकांनी एकेक करून नेल्या. आमचा मुलगा संतोष पुण्याला कंपनीत आहे. मुलगा गुणाचा. दर शनिवारी येऊन वडिलांची दाढी करायचा, अंग चोळून द्यायचा. एक दिवस म्हणाला, "आई, जागेला विचारणारे आहेत. विकू आणि तुम्ही दोघं पुण्याला या."

पुण्याला त्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे. चांगलं आहे, पण त्या खिडकीतून समोरची भिंतच दिसते. ह्यांची खुर्ची तिथं ठेवली तर ती वळवायचीही गरज पडणार नाही, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "बाजार मी उघडते."

"गाड्या तू पुसशील गं. पण किंमत कोण सांगणार?"

तो काही वाईट बोलला नव्हता. खरं तेच बोलला. म्हणाला, "दसऱ्यापर्यंत बघू. नाहीच जमलं तर जागेचं बोलून टाकू."

गणपती उठल्यावर मी बाजार उघडला. कुंपणाजवळचं गवत काढलं, शेड झाडली. दोन दिवसांनी विट्याचे एकजण गाडी घेऊन आले. मी गाडी आतून बाहेरून बघितली, आकडा माझ्या डोक्यात तयार होता. ते समोर उभे. मी फडकं पिळत राहिले. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि विचारलं, "मालक कवा यायचं?" मी म्हटलं, "बरं न्हाई त्यांना." ते म्हणाले, "मग बरं झाल्यावर येतो की," आणि गेले. त्यांच्या मागून आणखी एकजण तसाच गेला. आकडा माझ्या ओठांच्या आतच राहिला. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, संतोषचं बरोबर आहे.

तरी दुसऱ्या दिवशी मी एक केलं. दिलीपला घरी बोलावलं आणि दोघांनी मिळून ह्यांना रिक्षात घालून बाजारात आणलं. हे मानेनं नको नको म्हणत होते. मी म्हटलं, "घरात एकटं कसं ठेवू? कडुनिंबाखाली बसा, काही करू नका." खुर्ची रस्त्याकडं तोंड करून ठेवली. वळवायला त्यांच्या एका हातात तेवढं बळ नव्हतं, म्हणून माझं साधलं.

दसऱ्याला आठवडा राहिला होता. सकाळी एक निळी छोटी गाडी आत आली. चालवत होती एक बाई, तिशी-पस्तिशीची, आणि शेजारी तिचे वडील. उंच, वाळलेले, धुतलेलं धोतर, डोळ्याला जाड चष्मा. लोणंदचे तात्या, रेल्वेतून निवृत्त झालेले. मुलीचं नाव मंदा. खाली उतरतानाच तात्या रागात होते.

"भंगारवाला म्हणतो, वजनावर घेतो. आवं, गाडी हाय का रद्दी?"

"तात्या, हळू बोला," मंदा म्हणाली आणि मला म्हणाली, "त्यांना ऐकू कमी येतं काकी, म्हणून मोठ्यानं बोलतात."

तात्यांना बहुतेक तिचे ओठ दिसले. "सारा जल्म रुळाच्या कडंला गेला. कान रेल्वेनं नेलं, डोळं आता डाक्टर न्यायला निगालाय. म्हणला, गाडी चालवायची न्हाई. म्हणलं, मला दिसतंय. म्हणला, समोर काय हाय? म्हणलं, भिंत. म्हणला, खिडकी हाय ती."

मंदा साताऱ्याला नोकरीला. तिच्या भाड्याच्या खोलीपुढं सायकल लावायला जागा नाही, मग गाडी कुठं ठेवणार? म्हणून विकायची. चौदा वर्षांची गाडी. पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी नव्यानं करावी लागते, खर्च असतो, म्हणून चौदाव्या वर्षी गाडीला कुणी नीट विचारत नाही. लग्न राहिलेल्या पोरीसारखं करतात तिचं.

मी फडकं घेतलं आणि कामाला लागले. रंग विटलेला, डाव्या दाराला पोचा. पण क्लचचं आणि ब्रेकचं रबर सारखं झिजलेलं. मागच्या सीटखाली कांद्याची टरफलं, बाकी स्वच्छ. जादा चाकाच्या, म्हणजे स्टेपनीच्या, टायरवर नव्या रबराचे बारीक केस तसेच होते, म्हणजे ते कधी रस्त्याला लागलंच नव्हतं. डॅशबोर्डवर देवाची रिकामी जागा. गोल डागाचा रंग आणि भोवतालचा रंग जवळजवळ एकच. तात्यांनी ही गाडी चौदा वर्षं सावलीत बांधली होती, गाय बांधावी तशी. मी मनात आकडा धरला, पंच्याऐंशी हजार.

बाहेर आले. तात्या समोर. मंदा शेजारी. दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मला काही सुचेना, म्हणून मी मंदाला म्हटलं, "बाई, गाडी जरा चालू करा."

तिनं केली. आवाज घुमला. माझं लक्ष सहज कडुनिंबाकडं गेलं. ह्यांनी डोळे मिटले होते आणि मान एका अंगाला कलती केली होती.

मी तशीच उभी राहिले. महिनो न्‌ महिने मी ह्यांची जीभ गेली, हात गेला, पाय गेला एवढंच धरून बसले होते. कान कुठं गेला होता? तो होता तिथंच होता. मीच कधी त्याला काही ऐकवलं नव्हतं.

मी खुर्चीजवळ गेले. इतक्या वर्षांच्या सवयीनं फडकं ह्यांच्या उजव्या हातावर टाकलं आणि खाली बोटं धरली. पंजा, तीन बोटं, मग पेर. लहान गाडीला एक बोट म्हणजे दहा हजार, तेव्हा साडेआठ म्हणजे पंच्याऐंशी. खालून काही उत्तर आलं नाही. तेव्हा ध्यानात आलं, हा हात ऐकणार नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फडकं उचलणार, तेवढ्यात ह्यांचा डावा हात वरून आला आणि माझ्या हातावर पडला. त्यानं माझा पंजा धरला. मग चार बोटं धरली. मग थांबून, नीट चाचपून, एक पेर दाबलं.

साडेनऊ. पंच्याण्णव हजार.

मी परत साडेआठ धरले. ह्यांनी माझा हात झटकला आणि पुन्हा साडेनऊ दाबले, या खेपेला नख लागेल इतके जोरात. मी तोंडाकडं बघितलं. डोळे रागावलेले होते. त्या डोळ्यांत राग बघून मला इतका आनंद झाला की मी नऊसुद्धा धरून बघितले नाहीत. म्हटलं, "बरं, बरं. तुमचंच खरं."

पण आता आकडा सांगायचा कुणी? ह्यांनी तात्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हनुवटीनं खूण केली. सांग.

मी तात्यांपुढं जाऊन म्हटलं, "पंच्याण्णव हजार." मंदानं ऐकलं. तात्यांनी कानाला हात लावला.

"मोठ्यानं सांगा बाई. रेल्वेनं कान नेलं म्हणून सांगितलं न्हवं का?"

मी परत म्हटलं. ते जवळ आले. "आवं, पोटातनं बोला की."

मग मी बोलले. म्हसवडच्या माळावर ओढ्यापलीकडच्या मेंढरांना पोरवयात मी हाक मारायची तेवढ्या मोठ्यानं बोलले. तेव्हापासून असा आवाज मी काढला नव्हता. "पंच्याण्णव हजार येतील. कागदाला एकच वर्स राहिलंय म्हणून, न्हाईतर लाखाची गाडी हाय. जादा चाक अजून कोरं हाय. आन्‌ सावलीत सांभाळलीय तुमी, ते दिसतंय."

रस्त्यापलीकडं दिलीप उभा राहिला. त्याच्या हातात टायर होतं का, ते मी बघितलं नाही.

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दिसतंय व्हय?" म्हणाले. मग मुलीकडं वळून म्हणाले, "ऐकलंस का? दिसतंय म्हणं." आणि मला, "ठेवा गाडी. पर एक हाय. वडापाला देऊ नका. घरात द्या कुणाच्या तरी."

मंदा किल्ली देताना हळूच म्हणाली, "काकी, मालकांनी आणि तुम्ही फडक्याखाली काय केलं?"

"भांडलो," मी म्हटलं.

गाडी दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेली. खानापूरच्या एका अंगणवाडीच्या बाईंनी, घरातली पहिली गाडी म्हणून घेतली. त्यांनाही किंमत मीच सांगितली. आवाज कापत होता, पण आला. दसऱ्याला संतोष जागेचं बोलायला म्हणून आला, तेव्हा आणखी तीन गाड्या लागल्या होत्या आणि मी एका पाहुण्याला, टायर बदलल्याशिवाय यापेक्षा जास्त येणार नाहीत, हे समजावून सांगत होते. तो कुंपणाजवळ उभा राहून ऐकत राहिला. घरी जाताना जागेचं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आई, बोटांचं मला कधी शिकवलं नाहीस तू."

आता दर शनिवारी वडिलांची दाढी झाली की दोघं फडकं टाकून बसतात. संतोष सारखा चुकतो. सहा आणि साडेपाच यांत त्याला फरक कळत नाही. हे "बा, बा" करून वैतागतात.

या वर्षी दसऱ्याला बाजार भरलेला होता. ह्यांची जीभ अजून मोकळी नाही, डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. मी वाट बघते, पण धंदा तिच्यावाचून अडलेला नाही. किंमत मी सांगते, मोठ्यानं. तात्यांनी लोणंदहून माणसं पाठवली आहेत, आणि ती बहुधा माझ्याशी ओरडूनच बोलतात. मंदा मधे येऊन गेली. म्हणाली, दिवाळीनंतर सुट्टीत येते, तुम्हाला गाडी शिकवते. मी लोक बघतील म्हणणार होते. म्हटलं, ये.

परवा एक गाडी आली. मालकानं ती चालू केली. ह्यांनी डोळे मिटून ऐकली. माझ्या हाताला अजून जुनंच वळण आहे, फडकं उजव्या हातावरच पडलं. मी माझा आकडा धरला आणि डाव्या हाताची वाट बघत राहिले. तो यायच्या आधी उजव्या अंगठ्यानं माझं बोट जरासं दाबलं. वाऱ्यानं पान हलावं एवढंच. पेर होतं की अख्खं बोट, ते मला कळलं नाही. मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं, तर तेही फडक्याकडंच बघत होते.

किती म्हणाले ते मी सांगू शकत नाही. पण माझ्यापेक्षा जास्तच म्हणत असणार.